पीचच्या गावातले पंडितजी

माझ्या वडिलांना त्या गावात सगळे ‘पंडितजी’ म्हणायचे, आणि ते नाव त्यांना मी चिकटवलं होतं, ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बाबांना नाही, आईला नाही, लग्नानंतर बायकोलाही नाही. बाबा अखेरपर्यंत समजत राहिले की हा आपल्या पीएच.डी.चा मान आहे. ‘पंजाबी माणूस शिकलेल्याला फार मानतो,’ असं ते पुढे न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या घरी आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, आणि मी तिथून उठून चहाचे कप विसळायला जाई. आता बाबा नाहीत, दोन वर्षांपूर्वी आईही गेली. लपवायचं ज्यांच्यापासून होतं तेच राहिले नाहीत. म्हणून लिहितो आहे.

गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या लोकांची नातवंडं अजून तिथेच शेती करतात. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात, सॅक्रमेंटोच्या वर, नदीच्या बांधाला लागून ते वसलेलं होतं. आम्ही गेलो ते फेब्रुवारीच्या शेवटी. सकाळचं धुकं गाडीच्या काचेला चिकटून बसलेलं, पुढचं काही दिसत नव्हतं, आणि मग एका वळणावर ते फाटलं आणि दोन्ही बाजूंना गुलाबी रंग उभा राहिला. पानं नाहीत, नुसती फुलं. झाडामागे झाड, ओळीमागे ओळ, नजर पोचेल तिथवर पीचच्या बागा. बाबांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. आई खाली उतरली, चपला काढल्या आणि ओल्या मातीत उभी राहिली. त्या गुलाबी ओळींमधून एक उंच म्हातारा फेटा बांधलेला माणूस फावडं खांद्यावर घेऊन चालत आला आणि आम्हाला बघून, जणू आम्ही येणारच होतो अशा सहज आवाजात म्हणाला, ‘सत श्री अकाल जी. चहा घेणार?’ अमेरिकेत आलो त्याला तोवर चार वर्षं झाली होती, पण अमेरिका मला पहिल्यांदा आवडली ती त्या दिवशी.

ते करतार बाबा. त्यांची गोष्ट म्हणजे त्या गावाची अर्धी गोष्ट. विशीत असताना ते जालंधरकडून जहाजानं आले. पंजाबातून बायको आणायची सोय तेव्हाच्या कायद्यानं ठेवली नव्हती, म्हणून त्यांनी कापूस वेचणाऱ्या एका मेक्सिकन मुलीशी लग्न केलं. तिचं नाव रोसा. त्यांच्या घरात एका भिंतीवर गुरूंची तसबीर आणि दुसऱ्या भिंतीवर मेरीमाता असे. मुलं रविवारी सकाळी चर्चला जात आणि दुपारी गुरुद्वाऱ्यात येऊन जेवत. रोसा नानी ज्या तव्यावर तोर्तिया भाजत त्याच तव्यावर रोटी भाजत, आणि कोंबडीच्या रश्शात आलं-लसणाबरोबर हिरव्यागार हालापेन्यो मिरच्या ठेचून घालत. आमच्या आईला तो ठेचा दिसल्यावर काय झालं म्हणता! ‘बाप्पा, ही तर आपल्याकडची निघाली,’ म्हणाली. नानी स्पॅनिशमध्ये बोलत, आई नागपुरी मराठीत, आणि दोघींचं पोटभर बोलणं होई.

अशी जुनी घरं बरीच होती. अलीकडच्या पंधरा-वीस वर्षांत पंजाबातून थेट आलेली कुटुंबं, ती संख्येनं जास्त. त्यात ज्यांच्या स्वतःच्या बागा होत्या ते जाट शेतकरी, मोठे ट्रक, मोठे आवाज, मोठी मनं. त्या बागांमध्ये छाटणी करणारे, फळं उतरवणारे निराळे. ते त्याच गुरुद्वाऱ्यात येत, पण दाराजवळ बसत. शिवाय ओक्लाहोमाकडून दुष्काळात पळून आलेल्या गोऱ्यांची घरं, थोडे जुने पंजाबी मुसलमान, आणि मराठी म्हणाल तर एकटे आम्ही. बाबा फळं डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. कुठल्या बागेच्या फळात किती गोडी उतरली ते तपासायचं काम. जुलैत कारखान्याचा भोंगा सुरू झाला की सगळ्या गावाला शिजत्या पीचचा वास येई. कपड्यांना, उशीला, पुस्तकांच्या पानांना. अजूनही पीचचा डबा उघडला की माझा हात थांबतो.

त्या गावात राहायचं बाबांनी मुद्दाम ठरवलं होतं. नोकरी त्यांना न्यू जर्सीतही मिळत होती. पण आम्ही मेश्राम. विदर्भातल्या वाचकाला एवढं पुरे आहे. आजोबांनी दीक्षा घेतलेली, घरात बुद्धाची मूर्ती. आणि बाबांच्या खोलीत टेबलासमोरच्या भिंतीवर निळा कोट, गोल चष्मा आणि हातात पुस्तक असलेला तो फोटो. कुणाचा ते सांगायची गरज नाही. बाबा लपवणारे नव्हते. ‘विचारलं तर सांगू, न विचारता पाटी कायले लावायची?’ एवढंच म्हणत. पण मराठी माणसाला विचारावं लागत नाही, तो आडनाव वाचतो. पंजाब्याला मेश्राम म्हणजे काय ते वाचता येत नाही. बाबांना तेवढी मोकळी हवा हवी होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मला ते वाचणं एकदा दिसलं होतं. त्याच वर्षी क्युपर्टिनोला कुणाच्या तरी ओळखीनं आम्ही गणपतीच्या कार्यक्रमाला गेलो. एका हसऱ्या काकूंनी मला जवळ घेतलं, ‘किती गोड मराठी बोलतोस रे!’ म्हणून मोदक हातात दिला आणि नाव विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं. त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता, तो तिथेच राहिला. पण त्याचं वजन बदललं. ‘अच्छा अच्छा,’ म्हणाल्या, आणि मग कुणीतरी हाक मारतंय म्हणून वळल्या. कुणीही मारली नव्हती, मी तिथेच होतो. त्या काही वाईट बोलल्या नाहीत. पण चौदा वर्षांच्या मुलाला हाताचं वजन कळतं.

नंतरच्या रविवारी आम्ही पहिल्यांदा गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवायला गेलो. तिथलं स्वयंपाकघर बघून मी हबकलो. मी आत बसू शकेन एवढ्या कढया, वल्ह्यासारखे कालथे, एकीकडे वीस-पंचवीस बायका रोट्या लाटताहेत, दुसरीकडे बाप्ये भांडी घासताहेत, आणि त्या घासणाऱ्यांत ज्याच्या बागा गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होत्या तो माणूस पँट दुमडून उभा. पंगत जमिनीवर. रोटी घ्यायची ती दोन्ही हात पुढे करून, आणि वाढणारा ती वरून हातात सोडतो. आईनं ते बघितलं आणि तिचे हात मांडीवरच राहिले. तिच्या लहानपणी गावात वरून टाकणं म्हणजे काय होतं ते तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मला ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मग तिनं शेजारी पाहिलं. तो बागायतदार तिच्याच पंगतीत येऊन बसला होता आणि त्यानंही तसेच दोन्ही हात पसरले होते. त्याच्या पलीकडे करतार बाबांचे, त्याच्या पलीकडे रोसा नानींचे. आईनं हात पुढे केले. रोटी पडली. ती खाली मान घालून जेवली, आणि घरी येताना गाडीत म्हणाली, ‘असं बी असते बाप्पा जगात.’

ती हे गाडीत म्हणाली, पण त्याच्या आधी, अंगणात बूट घालत असताना, करतार बाबांनी मला विचारलं होतं, ‘पुत्तर, तुम्ही कोण लोक?’

त्यांना काहीही ऐकून चाललं असतं. ज्या माणसानं मेरीमातेखाली बसून गुरुग्रंथाचा पाठ केला, त्याला आमच्या जातीचं काय? त्यांना विचारायची सवय होती, जसं आपण ‘जेवलास का’ विचारतो. पण मला ते काकूंच्या हाताचं वजन पुन्हा नको होतं. मी म्हणालो, ‘ब्राह्मण.’

‘वा! पंडत!’ म्हणाले. त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की आपल्याकडे पंडतांचं घर आलंय. बाबांना लोक वाकून नमस्कार करू लागले. गावातल्या दोन-तीन हिंदू कुटुंबांनी तर नवं दुकान उघडायच्या आधी त्यांना मुहूर्त विचारला. बाबा हसत म्हणाले, ‘मी फळातली साखर सांगू शकतो, ग्रहांचं मला काही कळत नाही.’ लोकांना ती विद्वानाची नम्रता वाटली. त्यांनी खोक्याभर आलुबुखार आणून दिले.

पुढच्या उन्हाळ्यात आईनंही कारखान्यात काम धरलं. पट्ट्यावरून पीच वाहत येत, त्यातली कुजकी आणि फुटक्या बाठीची वेचून काढायची. पांढरी टोपी, रबरी हातमोजे, कानठळ्या बसवणारा आवाज. तिच्या डाव्या हाताला उभ्या असत सुरजीत आंटी. माझ्या वर्गातल्या जस्सीची आई. ठेंगणी, हाताची बोटं सुरकुतलेली, हसताना तोंडावर ओढणी घेणारी बाई. आवाजात बोलता येत नसे, म्हणून दोघींनी खुणा ठरवल्या होत्या. सुपरवायझर आला की कोपर मारायचं, जेवायची वेळ झाली की नाकाला बोट लावायचं. आई घरी आली की त्या खुणा करून दाखवून हसायची. नागपूर सोडल्यापासून मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

आईनं एकदा सांबारवड्या केल्या. पुण्या-मुंबईच्या भाषेत कोथिंबिरीच्या वड्या. सारणातल्या खसखस-खोबऱ्याच्या वासानं घर भरलं. तिचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात घालून तिनं सुरजीत आंटींना दिल्या. आंटींनी डबा दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. दोन दिवसांनी डबा परत आला, आरशासारखा घासलेला, आणि सोबत बिस्किटांचा न फोडलेला पुडा. पुढच्या वेळी न सोललेली संत्री. त्याच्या पुढच्या वेळी सोड्याचे कॅन. डबा द्यायला त्या घरी येत, पण पायरीवरच उभ्या राहत. ‘आत ये ना गं, चहा टाकते,’ आई म्हणे. ‘नको बहेनजी, घरी काम पडलंय.’ गावातली इतर घरं आम्हाला रस्त्यावरून ओढून नेऊन जेवू घालत, आणि हीच एक मैत्रीण, जिच्या घरचा घास आईला माहीत नव्हता.

आईनं तिसऱ्या डब्यानंतर हिशेब जुळवला. भाजी चिरता चिरता बाबांना म्हणाली, ‘तिले कळलं असंन.’

‘काय?’

‘आपण कोण ते. घरचं काही देत नाही, आत येत नाही. तिचं भांडं आपल्या तोंडाला लागू द्यायचं नाही तिले. अन् डबा किती घासते पाहा. माझ्या वड्या खाते का फेकते, कोणाले माहीत.’

‘काहून असं म्हणतेस? पंजाबी लोकांत असं नसते,’ बाबा म्हणाले.

‘पंगतीत नसते,’ आई म्हणाली. ‘घरात कोणी पाहिलंय?’

मी तिथेच अभ्यास करत होतो. मला तेव्हा खरंच काही माहीत नव्हतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी लिहीत नाही. पुढचं लिहायचं आहे म्हणून लिहितो.

ऑगस्टमध्ये आलुबुखारांची तोडणी चालू असताना जस्सीबरोबर मी सायकलवर बांधाच्या पलीकडे गेलो. उन्हाचा तडाखा असा की डांबर मऊ पडलं होतं. माझी सायकल पंक्चर झाली, आणि जवळात जवळ जस्सीचंच घर होतं. तो घुटमळला. ‘घरी कोणी नसेल यार,’ म्हणाला. पण आंटी दारातच होत्या, पोत्यावर आलुबुखार वाळत घालत. मला बघून त्या उभ्या राहिल्या आणि ओढणी नीट केली, जशी मोठ्या माणसासमोर करतात.

‘आंटीजी, पाणी द्याल?’ मी म्हणालो.

‘बस पुत्तर, बस. जस्सी, पळ, दुकानातून सोडा घेऊन ये. थंड बघून आण.’

‘नको, पाणीच द्या ना.’

‘सोडा येतोय ना. आत्ता येईल.’

जस्सी माझ्याकडे न बघता त्याची सायकल घेऊन निघाला. माझ्या हाताला चेनचं काळं लागलं होतं. हात धुतो म्हणून मी विचारायच्या आधीच आत शिरलो. चिंचोळी वाट होती. तिच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या आधी, भिंतीत एक फळी. फळीवर त्यांच्या संतांची तसबीर, पुढ्यात कातडं कापायची रापी असलेली. आणि तिच्या बरोबरीनं, तितक्याच उंचीवर, निळा कोट. गोल चष्मा. हातात पुस्तक. प्लास्टिकच्या झेंडूचा हार. आणि खाली, उदबत्तीच्या राखेशेजारी, माझ्या आईचं नाव कोरलेला स्टीलचा डबा, झाकण उघडून ठेवलेला. त्यात आदल्या दिवशीच्या सांबारवड्या. आधी त्यांच्यापुढे ठेवायच्या, मग घरात वाटायच्या, अशी त्या घरची रीत होती.

पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पीचच्या बागांमध्ये लाकडी घराच्या वाटेत, बाबांच्या टेबलासमोरचा माणूस माझ्याकडे बघत होता आणि त्याच्यापुढे आईच्या हातचं ठेवलेलं होतं. गुलाबी बागांनी, त्या कढयांनी मला दिपवलं होतं. पण अंगावर काटा आला तो इथे. अजूनही, हे लिहिताना येतो.

मागे आंटी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

‘हे कोण?’ मी विचारलं. माहीत असून विचारलं.

त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. ‘हे होय? नात्यातले आहेत आमच्या. बुजुर्ग.’

मी ‘अच्छा’ म्हणालो. क्युपर्टिनोच्या काकू म्हणाल्या होत्या तसंच.

बाहेर आलो तोवर जस्सी कॅन घेऊन आला होता. आंटींनी तो ओढणीनं पुसून माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, ‘तुमच्या घरचं पाणी चाललं असतं मला. लंगरमध्ये तर आम्ही जेवतोच की.’

‘लंगर गुरूचा असतो पुत्तर,’ त्या म्हणाल्या, अगदी मऊ आवाजात, लहान मुलाला समजावतात तशा. ‘हे घर आमचं आहे. पंडितजींच्या मुलाला आमच्या पेल्यात पाणी दिलं, तर उद्या तुझ्या आईसमोर कुठल्या तोंडानं उभी राहू? देवमाणूस आहे ती. मला शेजारी उभं राहू देते, तेच पुष्कळ.’

जस्सी जमिनीकडे बघत टाचेनं माती उकरत होता. एक वाक्य पुरेसं होतं. ‘आंटीजी, आम्ही पंडित नाही. तो फोटो आमच्याही घरी आहे.’ वाक्य तयार होतं, तोंडात होतं. पण ते बोललो असतो तर संध्याकाळी बाबांना कळलं असतं की आपल्या मुलानं करतार बाबांना काय सांगितलं. ज्या माणसानं आयुष्यात काही लपवलं नाही, त्याला कळलं असतं की मुलाला त्याची लाज वाटली. मी कॅन घेतला, फोडला, आणि संपूर्ण प्यालो. तहान लागली होती. चांगला थंड होता. माझी मुलगी कधीतरी विचारते, ‘बाबा, यू नेव्हर ड्रिंक सोडा, व्हाय?’ मी म्हणतो, ‘शुगर, बेटा.’

घरी आल्यावर आईनं विचारलं, ‘जस्सीच्या घरी गेला होतास? काय दिलं?’

‘सोडा.’

‘कॅनमधला?’

‘हो.’

‘पाणी नाही दिलं ना,’ ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली. मग हात पुसले आणि कणीक मळायला बसली. तो डबा परत आल्यावर तिनं तो पुन्हा भरला नाही. पुढच्या हंगामात तिनं दुसऱ्या पट्ट्यावर काम मागून घेतलं. सुरजीत आंटींनी कारण विचारलं नाही. कारण आपल्याला ठाऊकच आहे, असं त्यांना वाटलं असणार. पंडितीणबाई किती दिवस शेजारी उभी राहणार? दोघींनी एकमेकींना मोठं मानलं आणि दोघी दूर झाल्या. दोघींच्या मध्ये उभा असलेला मी रोज जेवत होतो, शाळेत जात होतो, जस्सीबरोबर सायकल चालवत होतो.

कारखाना पुढे बंद पडला आणि आम्ही न्यू जर्सीत आलो. आई त्या गावाबद्दल नेहमी भारावून बोलायची. त्या पंगतीबद्दल, रोसा नानींच्या तव्याबद्दल. पण आजारपणात, खिडकीबाहेर बर्फ बघत, एकदा म्हणाली, ‘सुरजीत माझ्याशी काहून तशी वागली असंन रे? चांगली होती ती.’ मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. म्हणालो, ‘जुन्या गोष्टी आहेत आई.’ ती ‘हो’ म्हणाली.

मागच्या महिन्यात जस्सीचा फोन आला. आता तो आजोबा आहे. त्यांच्या लोकांनी गावाबाहेर स्वतःचा गुरुद्वारा बांधलाय, दर्शनी दालनातच संतांच्या शेजारी तो निळ्या कोटातला फोटो आहे, लपवलेला नाही. ‘बीबी अजून रोट्या लाटायला जाते,’ तो आईबद्दल म्हणाला. ‘तुझ्या आईची आठवण काढते. पंडितीण बहेनजी म्हणते.’ आई गेल्याचं मी त्याला सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि वाक्य अजून तोंडातच.

आईला सांगायचं देणं होतं ते आता फिटणार नाही. दुसरं अजून फिटू शकतं. मला त्या घरी जाऊन, त्यांच्या पेल्यात पाणी मागून, सुरजीत आंटींना सांगायचं आहे की आम्ही पंडित नव्हतो, आणि आईनं मैत्री तोडली ती माझ्यामुळे. एवढं देणं आहे.